न मोडलेली पिन

प्रिय चिएमी,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. वर्षश्राद्धाला येते, बाबांची होडी पाण्यात घालता येईल अशी करून ठेवा, असं तू लिहिलंस. ते काम मी त्याच दिवशी हातात घेतलं. पत्राच्या शेवटी तू एक प्रश्न विचारला आहेस. बाबा त्या दिवशी परत येणार होते का? आणि येणार नसतील, तर त्यांच्या अस्थी दफनभूमीत आईशेजारी ठेवणार नाहीस, त्या तुझ्याकडेच कपाटात राहतील, असंही लिहिलं आहेस. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे. आधी होडीचं लिहितो. हाताने केलेल्या कामाबद्दल मला लिहिता येतं.

होडी माझ्या शेडमध्ये दोन लाकडी घोड्यांवर पालथी आहे. शीड आणि डोलकाठी ठीक आहेत. काम निघालं ते सुकाणूचं. सुकाणू पायाने वळवायच्या पायपट्ट्यांपासून मागच्या टोकापर्यंत जाणाऱ्या दोन्ही दोऱ्या बदलल्या. नळीतून बाहेर येतात तिथे त्या घासून कापसासारख्या झाल्या होत्या. पायपट्टीची एक स्प्रिंग गंजली होती, तीही बदलली. सुकाणूचं पातं ज्यात फिरतं त्या बुशचं भोक लांबट झालं होतं, म्हणून पातं डुलायचं. तुझे बाबा, म्हणजे आमचा तेइजी, त्याला ‘दात हलतोय’ म्हणायचा. नवा बुश बसवला. मागच्या टोकाला, सुकाणू धरणारं ब्रॅकेट उखडून गेलं होतं तिथे, फायबरच्या कापडाचे चार थर देऊन घासून घेतलं. रंग थोडा वेगळा दिसतो. तू येशील तेव्हा तुला तो दिसेलच, म्हणून आधी सांगतो.

तेइजीने ही होडी आणली तेव्हा तू साप्पोरोला गेलेली होतीस. टपाल खात्यातून निवृत्त होऊन त्याला महिनाही झाला नव्हता. चौतीस वर्षं या बेटाच्या पायऱ्या चढून गुडघे गेले, आता बसून जाईन म्हणाला. तुझी आई, फुमिए वहिनी, धक्क्यावर उभी राहून हसत होती. “जन्मभर लोकांची पत्रं वाटली, आता स्वतःच निघालाय टपालाने. तिकीट लावलंय का कपाळाला?” मी सुकाणू हलवून बघितलं आणि म्हटलं, हे खेळणं आहे, यात धातू कुठाय? त्यावर तेइजी वहिनीला म्हणाला, “याच्यापासून होडी लांब ठेव. हा लेथवाला दात कोरायच्या काडीलाही आटे पाडेल.”

तो खोटं बोलत नव्हता. चाळीस वर्षं मी समोरच्या गोदीत लेथवर काढली. आमच्याकडे जो भाग मोडतो तो नापास. ज्याच्या हातून गेला त्याचा नंबर फळ्यावर लागायचा, आठवडाभर. माझा नंबर दोनदा लागला. दोन्ही तारखा मला अजून पाठ आहेत.

त्या सुकाणूला एक पिन असते. करंगळीएवढी, नायलॉनची, काळी. पातं तिच्यावर टांगलेलं असतं आणि तिच्यावरच फिरतं. कालवं पोसायच्या तराफ्यांमधून जाताना पातं पाण्याखालच्या दोराला अडकलं की ती पिन मोडते. पहिल्या उन्हाळ्यात दोनदा मोडली. तेइजी आसनाखालच्या डबीतून दुसरी काढायचा, बसवायचा आणि पुढे जायचा. मी डोकं आपटून घ्यायचो. तो म्हणायचा, “अरे, मोडायलाच केलीय ती. तुला कशाला घाम फुटतोय?” मला वाटायचं, पोस्टमनला यंत्रातलं काय कळतं.

वहिनी एप्रिलमध्ये गेली. त्यानंतर तो रोज एकटाच पाण्यावर जायला लागला. ऑक्टोबरमध्ये एकदा यायला दीड तास उशीर झाला. ओहोटी सुरू झाली होती, सामुद्रधुनीतलं पाणी नदीसारखं पळत होतं. मी लाटरोधक भिंतीवर उभा होतो. तो वल्हं मारत आला, शीड गुंडाळलेलं. पिन मोडली होती आणि डबी रिकामी होती. मी त्याच्यावर इतका ओरडलो की जाळी विणणाऱ्या बायका काम थांबवून बघायला लागल्या. तो म्हणाला, “बायकोसारखा ओरडतोस. दिसायला मात्र ती बरी होती.” सगळ्या हसल्या. मी होडी वर ओढायला लागलो.

त्याच आठवड्यात त्याने दोऱ्या बघायला होडी माझ्याकडे टाकली. डबीत घालायला पाच नवीन नायलॉनच्या पिनाही आणून दिल्या. त्या दोऱ्या अजून महिना-दोन महिने चालल्या असत्या. मी वेगळंच काम केलं. स्टेनलेस स्टीलची सळई घेतली आणि त्याच मापाची पिन काढली. मापात केसाचाही फरक नव्हता. तेइजीला कळलं असतं तर त्याने ती काढून फेकली असती, म्हणून तिला काळा रंग दिला. बसवली, वर झाकण लावलं. आता ही मोडणार नाही, असं मनाशी म्हटलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, हेही लिहायला हवं.

बारा नोव्हेंबरला तो गेला आणि आला नाही. होडी दुसऱ्या दिवशी कालवंवाल्यांना सापडली, तो तिसऱ्या दिवशी. पुढचं तू इथे येऊन पाहिलंस, ऐकलंस. अंत्यविधीला बायका हलक्या आवाजात काय बोलत होत्या ते तुझ्याही कानावर गेलं असणार. त्याने वहिनीचे कपडे वाटून टाकले होते. कॅमेलियाच्या कुंड्या शेजारी दिल्या होत्या. घर लख्ख होतं. जीवरक्षक जॅकेट अंगात नव्हतं, होडीत होतं. “बायकोच्या मागे गेला बिचारा,” कोणीतरी म्हणालं. तू माझ्याकडे बघितलंस. मी मान खाली घातली. तू तो माझा होकार समजलीस आणि मी तुला तसं समजू दिलं.

होडी ठेवायला माझ्याकडे आली तेव्हा मी सुकाणू बघितलं. मागचं टोक खडकावर आपटून फुटलं असं सगळ्यांनी धरलं होतं. खडकाचा एकही ओरखडा तिथे नव्हता. पात्याला तराफ्याच्या दोराचा घासा होता. दोराला अडकल्यावर पिन मोडायला हवी होती. पातं सुटून दोऱ्यांवर लोंबकळलं असतं, तेइजीने शिवी दिली असती आणि डबी उघडली असती. पिन मोडली नाही, म्हणून तिने ब्रॅकेट ओढून काढलं, त्याच्याबरोबर होडीच्या मागच्या टोकाचा हाताएवढा तुकडा. मागून पाणी भरलं. नोव्हेंबरचं पाणी. माझी पिन सरळ होती. तिचा रंगही उडाला नव्हता.

तो स्वतःहून गेला असेल तर पिनेचा काही संबंध नाही. मी वर्षभर हे वाक्य धरून बसलो. ते खरं नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जॅकेट तो कधीच अंगात घालायचा नाही; कंबर धरते म्हणून पाठीमागे उशीसारखं ठेवायचा. कपडे वाटले, कुंड्या दिल्या, कारण नवीन वर्षाला तू येणार होतीस आणि तुझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कपड्यांची खोकी मी त्याच्याबरोबर उचलली. त्याने जमिनीवर तातामी चटया नव्या टाकल्या आणि मला त्यावर मोज्यांनीसुद्धा पाऊल टाकू दिलं नाही. “तिच्यासाठी आहेत, तुझ्या पायांसाठी नाहीत.” बारा तारखेच्या सकाळी तो शेडच्या दारात उभा राहून म्हणाला, “चारला ये. मासा मिळाला तर मासा-भात, नाही मिळाला तर नुसता भात आणि माझं तोंड बघ.” मी चार वाजता त्याच्या दारात गेलो होतो. हे मी कोणालाही सांगितलं नाही.

चिएमी, तुझे बाबा परत येणार होते. त्यांनी तुला सोडलं नाही. त्यांना मी येऊ दिलं नाही, आणि तू वर्षभर त्यांच्यावर रागावून राहिलीस ते मी बघत राहिलो. काल बंदराच्या कचेरीत जाऊन मी हे सगळं लिहून दिलं, पिनही दिली. जाळीवाल्या बायकांनाही सांगितलं. एकीने माझ्या हातातली छत्री घेऊन कोपऱ्यात ठेवली, इतकंच. होडीला नायलॉनची पिन बसवली आहे, ती दुकानातली आहे, मी तिला फक्त बसवण्यापुरता हात लावला. शेडची किल्ली देवळात ठेवली आहे. विधीच्या दिवशी मी घरीच असेन, तू बोलावल्याशिवाय दफनभूमीची चढण चढणार नाही. अस्थी घेऊन ये. त्याला फुमिए वहिनीशेजारी ठेव.

आजवर तुला लिहिताना ‘तुझा काका’ लिहिलं. आज फक्त नाव लिहितो.

कुनिएदा शुएइ