चोरदिंडीवरचे भालेवाले

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

मोबाईलवरच्या लढाईच्या गेममध्ये पुन्हा हरलो! माझे नाईट, म्हणजे विलायती घोडेस्वार, नखशिखांत लोखंडात, घोड्यांनासुद्धा चिलखत. आणि समोर 'घाटवाला' नावाच्या भामट्याचे भालेवाले. गेममधलं सगळ्यात स्वस्त पायदळ! एका नाईटच्या किमतीत असले चार येतात.

जिंकल्यावर बोलत नाही काही. नुसता एक हसरा चेहरा पाठवतो.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आमच्या सातारा-सांगली ग्रुपनं तीन परीक्षक नेमलेत — साताऱ्याचा ऋषिराज, पाटणचा जयराज आणि मी. गेममधलं सर्वांत भारी पथक कोणतं, ते ठरवायचं. पाडव्याला यादी जाहीर. ते दोघे इंजिनियर. मी पंपाच्या मोटारी रिवाइंड करतो, तेही कुणाच्या हाताखाली न शिकता — जळक्या मोटारी उघडून उघडून. हा गेमही तसाच उघडून बघितलाय. दोन्हीकडे सारख्या किमतीचं सैन्य, मग सपाटीवर, चढावर, चिखलात. बाकीचे नुसते 'नाईट लय भारी' म्हणतात. भारी कशावर? कुठल्या जमिनीवर? ते कुणी तपासत नाही.

माझ्या चाचण्यांत नाईटच पहिले. हरतात ते फक्त ग्रुपातल्या ह्या घाटवाल्यापुढं. म्हणजे चाचणी बरोबर आहे, माणूस खोटा आहे.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज लढाईचं रेकॉर्डिंग थांबवून थांबवून पाहिलं. सापडलं!

हा पठ्ठ्या जखमी भालेवाले मोडीत काढत नाही. सगळे काढतात आणि नवी भरती करतात. हा त्यांना किल्ल्याच्या मागं, चोरदिंडीच्या, म्हणजे छुप्या दाराच्या बोळात उभं करतो. बोळ अरुंद, घोडा दौडत नाही. माझे नाईट डावीकडून वळसा घालून तिथंच शिरतात — आणि भाल्यांवर जातात. दर वेळी!

मी तिथूनच येणार हे ह्याला आधी कळतं कसं? नकाशा उघडा दिसत असणार. चोरीचं सॉफ्टवेअर! दुसरं काही असूच शकत नाही.

ही चहा ठेवता ठेवता म्हणाली, "हरलं की समोरचा चोर! कॅरमलाही तुमचं हेच." तिला काय सांगणार.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

घाटवाला भर दुपारी खेळतो. कामधंद्याचा माणूस दुपारी मोकळा असतो का? ऋषिराज घरूनच काम करतो… त्याचंच दुसरं खातं असेल? परवा फोनवर म्हणाला, "काका, यादीत भाले जरा वर घ्या की." काका! आणि भाल्यांची एवढी काळजी ह्याला का?

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

ऐन लढाई लावत होतो आणि कुंडलहून थोरल्या बहिणीचा, मंगलअक्काचा फोन. पाय घसरून पडल्यापासून प्लास्टर आहे, दिवसभर खुर्चीत. "जेवलास का रं? तुजी लढाई काय म्हणतीया?" म्हटलं, बरी चाललीय. "सगळ्यात भारी कोण मग?" म्हटलं, घोडेस्वार, तुला नाही कळायचं अक्का. हसली. "व्हय बाबा, मला काय कळतंय!" भाऊबीजेला येतो म्हणालो आणि ठेवला.

बसलो, आणि घाटवाल्यानं पुन्हा धुतलं.

रविवार, १९ ऑक्टोबर

जयराजवरही विश्वास नाही. घाटवाला चोर आहे म्हटलं, तर म्हणे "पुरावा?" चोरालाच चोराचा असा कळवळा असतो!

बुधवार, २२ ऑक्टोबर — पाडवा

यादी गेली. पहिला क्रमांक नाईट. शिवाय घाटवाल्याविरुद्ध माझी तक्रार, रेकॉर्डिंगसकट. ऋषिराज कुरकुरला, पण मी म्हटलं, एक तर तो राहील नाहीतर मी. काढला! ग्रुपातून नाव गेलेलं स्वतः पाहिलं. फराळ आज कुठं अंगी लागला.

गुरुवार, २३ ऑक्टोबर — भाऊबीज

कुंडलला गेलो. अंगणात शेजारच्या पोरांचा मातीचा किल्ला. अक्कानं खुर्चीतून सांगून करवून घेतलेला. महादरवाजावर नवे मावळे. आणि मागं, चोरदिंडीवर, एक हात तुटलेला, एक मुंडकं चिकटवलेला. आम्ही लहानपणी किल्ला करायचो तेव्हाचा तिचा नेम — मोडका मावळा टाकायचा नाही, चोरदिंडीवर बसवायचा. शेजारी ती, मांडीवर भाच्याचा जुना फोन. फोनवर आमचाच गेम, वर नाव 'घाटवाला'.

ओवाळताना म्हणाली, "काढलंस व्हय रं मला? पाय आखडून बसलीया, दुपार जात न्हवती म्हनून खेळत हुते. ल्हानपणापासनं तू डावीकडनंच येतोस, मला कशाला लागतंय चोरीचं?"

मी तबकात पाचशेची नोट टाकली. तिनं उचलून परत माझ्या हातात दिली.

"ही नगं. मला परत आत घे. आन् भाल्यांना पयला नंबर दे. हारलास न्हवं?"