तीन पांढरे मणी

दि. ४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. आईच्या पेटीतली माळ इतक्या कापसात गुंडाळलीस, की मला आधी वाटलं अंडीच पाठवलीस. पत्त्यावर मात्र नेहमीसारखं ‘मणी’ लिहिलंस. चित्रकलेच्या बाईंना शुद्धलेखन माफ असलं तरी मी मनी, मांजरातली. एकेचाळीस वर्षं झाली, आता तरी शीक.

आमचं संग्रहालय तू अजून पाहिलं नाहीस. बायका पाळणा कसा लांबवायच्या, नको असलेल्या गर्भाचं काय करायच्या, याचा सगळा इतिहास इथे आहे. सकाळी पडदे सारले की ऊन एकेका कपाटातून चालत जातं. स्पंज, गोळ्यांची पाकिटं, गर्भाशयात बसवायच्या जुन्या तांब्या, सगळं पाण्यात ठेवल्यासारखं दिसतं. शेवटच्या खोलीत एका दवाखान्यातलं बाकडं आहे. गर्भपातासाठी आलेल्या बायका त्यावर बसायच्या. आता बघायला आलेले लोक बसतात आणि उठायचं विसरतात. आई गेल्यापासून मी डबा तिथेच खाते.

वस्तूंखालच्या चिठ्ठ्या मी लिहिते. आईच्या माळेची लिहायला घेतली आणि अडले. तू कळवलंस तशी ही दिवस मोजायची माळ. रोज रबराचं कडं एक मणी पुढे सरकवायचं. लाल मण्याला पाळी, तपकिरी मणी बिनघोर, पांढऱ्या मण्यांना सांभाळायचं, तेव्हा दिवस जाऊ शकतात. आमच्याकडच्या सगळ्या माळांत पांढरे बारा आहेत. आईच्या माळेत नऊच, आणि शेवटच्या तीन मण्यांच्या जागी तपकिरी. आमचे नोंदवहीवाले काका म्हणाले की ही चुकीची माळ आहे, हिच्या भरवशावर राहिलेली बाई फसली असणार.

ते हसले, मीही हसले. पण लहानपणी आत्या एकदा बोलून गेली होती, की ही चुकून झालेली. मावशी, मी आईला नकोशी होते का? तिला विचारायचं राहून गेलं. आता तूच आहेस.

लोभ आहेच, उत्तरापुरता थोडा वाढव.

तुझी,
मनी

---

दि. १० मार्च

चि. मणीस,
अनेक आशीर्वाद.

इथे सगळं ठीक. परीक्षा चालू आहे. यंदा एका वर्गाने सबंध आकाश हिरवं रंगवलं, मी मार्क कापले नाहीत. माळेचं काय घेऊन बसलीस? जुन्या वस्तूत एखादा मणी इकडेतिकडे व्हायचाच. डबा टेबलावर खात जा, बाकड्यावर नको.

तुझी,
मावशी

---

दि. १५ मार्च

ती. मावशीस,
सा. न.

हिरव्या आकाशावर माझी बोळवण करू नकोस. मणी इकडेतिकडे झालेले नाहीत. एकूण संख्या बरोबर आहे, म्हणजे कोणीतरी मोजून बदललेत.

आई हल्ली रोज स्वप्नात येते. त्या बाकड्यावर बसलेली असते, मांडीवर पिशवी. मी समोर उभी असते, पण ती वर बघत नाही. जे असेल ते लिही. चिठ्ठीत खोटं मी लिहिणार नाही, आणि खरं मला ठाऊक नाही.

तुझी वाट बघणारी,
मनी

---

दि. २२ मार्च

चि. मणीस,
अनेक आशीर्वाद, आणि कान पकडून माफी.

मणी मीच चोरले. दहा वर्षांची होते, तुमच्याकडेच राहायचे. एका दुपारी ताईची माळ खुंटीवर दिसली. माझ्या चिंध्यांच्या बाहुलीच्या कोटाला बटणं नव्हती. दोरा सोडला, तीन पांढरे काढले आणि चोरी कळू नये म्हणून माझ्या पाटीच्या चौकटीतल्या मोजायच्या मण्यांतले तितकेच तपकिरी ओवले. गणितात हुशार होते ना.

तीन महिन्यांनी ताई मला सोबतीला घेऊन दवाखान्यात गेली. तसल्याच बाकड्यावर बसलो. पंखा हळूहळू फिरत होता, सगळे आवाज लांबून आल्यासारखे वाटत होते. ताई आपल्याशीच पुटपुटत होती, की माळ तर नीट पाळली, मग चुकलं कुठे. मला राहवलं नाही. रडत रडत सगळं सांगून टाकलं. आता थोबाडीत बसणार असं वाटलं, तर ती हसायला लागली. पोट धरून हसली.

तिथे ती आधीही जाऊन आली होती, हे तुला कोणी सांगितलं नसेल. तुझा दादा आठ महिन्यांचा असताना तिला पुन्हा दिवस गेले. तेव्हा ती आत गेली, मोकळी झाली, दोन दिवस झोपली आणि टेलिफोन ऑफिसात कामावर हजर झाली. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. माळ तिथल्याच नर्सबाईंनी मग दिली होती.

या वेळी नर्सबाईंनी दोनदा हाक मारली. शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, म्हणाल्या की आत ये किंवा घरी जा, कोणी काही बोलणार नाही. फरशीवरचं ऊन भिंतीवर चढेपर्यंत ताई बसून राहिली. मग म्हणाली, “तेव्हा नको होतं, तेव्हा नाही म्हणाले. हे मला हवंय.”

चुकून दिवस गेले ते माझ्यामुळे. झालीस ती तिच्या मर्जीने. परतताना वाटेतच तिने तुझं नाव ठेवलं, मणी. ‘ण’ म्हणायला तिची जीभ कधी वळली नाही, पाण्याला पानी म्हणायची, आठवतं ना? तिचं ऐकून घरभर मनी झालं. मांजराचा काही संबंध नाही, आणि माझं शुद्धलेखन चांगलं आहे.

बाहुली केव्हाच फाटली. बटणं सोबत पाठवतेय. रागावलीस तरी लोभ असू दे.

तुझी चोर,
मावशी

---

दि. २९ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

काका म्हणाले, मणी मिळालेत तर माळ दुरुस्त करून टाकू. मी नाही म्हणाले. नऊ पांढऱ्यांची माळ तशीच मांडली आहे. खालची चिठ्ठी अशी: ‘दिवस मोजायची माळ. टेलिफोन ऑफिसातल्या एका बाईची. तीन मणी बदललेले. या बाईने एकदा नको म्हटलं, एकदा हवं म्हटलं. दोन्ही वेळा ठरवलं तिनेच.’

तुझी बटणं मात्र संग्रहालयाला दिली नाहीत. माझ्या कोटाच्या कॉलरवर शिवली आहेत. आज बाकड्यावरच डबा खाल्ला, आणि उन्हात डुलकी लागली. आई आली. तिने वर बघितलं.

रागावले नाही. लोभ आहे तसाच राहू दे, आणि पत्ताही लिहितेस तसाच लिहीत जा.

तुझी,
मणी