गोल कळस

७ मार्च
सेंट जोसेफच्या सणाला, १९ तारखेला, दरीतले वाटाडे मुख्य वाटाड्या निवडणार. म्हणजे मलाच. दुसरं आहे कोण? बहिणीची पोरगी नोटबुर्गा उभी आहे म्हणे. परवान्याची शाई वाळली नाही अजून. हिला स्कीवर उभं राहायला मी शिकवलं, आता ही मला नकाशा दाखवते.

९ मार्च
उद्या मोठी टूर. पाहुणे हॉलंडचे, योस्ट आणि मारेइके. नवरा-बायको, दोघंही दातांचे डॉक्टर. ज्यांच्या देशात धड टेकाड नाही, ते डोंगर चढणार! स्कीखाली चढाईच्या पट्ट्या चिकटवून पाहत होते, निम्म्या उलट्या. योस्टच्या मनगटावर दिशा दाखवणारं घड्याळ. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, नकाशा इथे असतो. बाई भारावल्या. निदान खोकल्या तरी.
नोटबुर्गा सांगून गेली, मामा, दुपारी धुकं उतरेल, खिंडीतून मागे फिर. या धुक्याला मी तिच्या जन्माआधीपासून ओळखतो!

१० मार्च, दुपार, खिंडीत
धुकं आलं. स्वतःच्या स्कीची टोकं दिसत नाहीत. मागे फिरतो तो वाटाड्या कसला?
वर पोचलं की हात मिळवायचे आणि अहो-जाहो सोडून अरे-तुरे करायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. हात मिळवला न मिळवला तोच योस्ट म्हणाला, अरे, घड्याळ डावीकडे म्हणतंय. मी उजवीकडे वळलो. मुख्य वाटाड्या झालो की पहिली ही रीत बंद.

त्याच दिवशी, संध्याकाळ
उतार झकास. खाली गावही लागलं. आमच्या चर्चचा कळस टोकदार, हा गोल दिसत होता. धुक्यात कळस गोलच दिसतात, असं पाहुण्यांना समजावलं. पोलिसाची टोपी निराळी होती. तीही धुक्यामुळेच.
खानावळीत बसल्यावर योस्ट पुन्हा अहो-जाहोवर आला. म्हणाला, तुम्ही आम्हाला सीमेपलीकडे इटलीत आणलंत.
शेवटची बस गेलेली. नोटबुर्गा व्हॅन घेऊन घाटातून आली. आल्या आल्या माझ्यादेखत पाहुण्यांची माफी मागितली. उर्मट कार्टी.

१९ मार्च
मुख्य वाटाडी नोटबुर्गा. माझ्यासाठी एकच हात वर झाला, तोही माझा. सगळं राजकारण!
माझी टूर मात्र एकमताने मंजूर. त्या डॉक्टरांनी गावभर कौतुक केलं ना, एका दिवसात दोन देश म्हणून! आता दर आठवड्याला निघणार. नेणार नोटबुर्गा. पाहुण्यांना परत आणायला पलीकडे व्हॅन लागते, ती मी न्यायची. जोखमीचं काम, म्हणून माझ्याकडे. पण किल्ली हातात देताना सगळे हसले, ते जिवाला लागलं.
मी मुद्दाम विचारलं, घाटात धुकं आलं तर?
नोटबुर्गा म्हणाली, मामा, रस्त्यावर पाट्या असतात.