क्रमांक एकोणीसचं घरटं

प्रिय ठमे,

फोन सोडून आईला पत्राची हुक्की का आली, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर मी तुला बोलू देत नाही, आणि अवघड विषय निघाला की तू ‘आई, भरती यायला लागली, ठेवते’ म्हणून मोकळी होतेस. तुमच्याकडे दिवसातून पाच-सहा वेळा भरती येते, मी मोजलंय. शिवाय वॉर्डात तेहेतीस वर्षं मी एकच घोशा लावला होता, की जे घडलं ते कागदावर उतरलं पाहिजे. तर हे घे कागदावर. तुला नोटीस आली आहे, हे मला कळलंय. तुला कायम करायचं की घरी पाठवायचं ते या महिनाअखेरीला ठरणार, हेही कळलंय. आणि त्या नोटिशीच्या मुळाशी कोण आहे, ते तू कोणाला सांगितलं नाहीस. मलासुद्धा नाही.

आधी त्या दिवसाचं सांगते, कारण तू पाहिलंस ते अर्धंच आहे. आमची पाच जणींची टोळी तुला ठाऊक आहे. सगळ्या एकाच इस्पितळातून निवृत्त झालेल्या, दर महिन्याला कुठेतरी जाऊन पाय दुखवून घेणाऱ्या. त्यातली थेटरवाली म्हणजे ऑपरेशन थिएटरची सिस्टर, तिचा मुलगा सर्जन. त्याचं कौतुक ऐकून माझे कान किटले होते. तू त्या पाणथळीवर रुजू झालीस तेव्हा मी या बायांना काय सांगितलं असेल? मुलगी पर्यावरण खात्यात अधिकारी आहे, शहरातल्या मुख्य कचेरीत बसते, हाताखाली माणसं आहेत. तू गमबूट घालून चिखलात घरटी शोधतेस, दोर बांधतेस, लोकांवर शिट्टी वाजवतेस, हे काही माझ्या तोंडून निघालं नाही. मला लाज वाटायची गं. एवढं शिकून पोरगी रखवालदारी करते, असं मी तुझ्या मावशीजवळ म्हणालेसुद्धा होते. तिने ते तुला सांगितलं असेलच, तिच्या पोटात काही राहत नाही.

आणि नेमकी तुमचीच जागा थेटरवालीने शोधून काढली. पक्षी बघू, फळ्यांच्या वाटेवरून फिरू, डबे खाऊ, म्हणाली. नाही म्हणायला कारण सापडेना. म्हणून मी तुला फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं, की तुझी सुट्टी कधी असते. मंगळवारी, म्हणालीस, आणि लगेच दोनदा विचारलंस, का गं, येतेस का? मी म्हटलं, छे, आपलं असंच. मग टोळीला मंगळवार दिला. तू नसशील त्या दिवशी तुझ्याकडे यायचं, असा बेत तुझ्या आईने रचला होता. मैत्रिणीच्या घरी पाहुणे आले म्हणून तू तिची पाळी घेशील, हे मला काय ठाऊक!

फाटकावरच्या खोलीत वही भरायला दिली. नाव, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात, काही अडचण आल्यास कोणाला कळवायचं. बँकेत, दवाखान्यात, जिथे म्हणून हा रकाना आला तिथे तुझे बाबा गेल्यापासून मी तुझंच नाव लिहीत आलेय. त्या दिवशी थेटरवाली खांद्यावरून वाकून बघत होती. मी तिचाच नंबर टाकला आणि पुढे लिहिलं, मैत्रीण.

जागा सुंदर आहे गं तुझी. हे मी तुला कधी म्हणाले नाही, कारण कधी आलेच नव्हते. पाणी ओसरल्यावर त्या ओल्या चिखलावर केवढी ती धावपळ चाललेली असते! एवढाले खेकडे बिळाच्या दारात उभे राहून भांडत होते, आमच्या जुन्या कॅन्टीनची आठवण झाली. पाखरं बघायच्या लाकडी खोलीत आम्ही पाचही जणी चक्क गप्प बसलो, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. तिथल्या फळीवर खडूने लिहिलं होतं, की चिखल्या पक्षी वाळूतच खळगा करून अंडी घालतो, अंडी खड्यांसारखी दिसतात, आम्हालासुद्धा चटकन दिसत नाहीत, कृपया दोर ओलांडू नका. अक्षर तुझं होतं. ‘ळ’ची शेपटी लांब ओढायची खोड अजून गेलेली नाही. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, की बायांनो, हे माझ्या लेकीचं अक्षर. आलं आणि गिळलं.

आणि तेच वाचून पाच मिनिटं होत नाहीत तोवर मी दोर ओलांडला. थेटरवालीला वाळूच्या उंचवट्यावर, मागे समुद्र येईल असा फोटो हवा होता. दोर दिसल्यावर बाकीच्या थबकल्या. मला मात्र शेखी मिरवायची संधी मिळाली. म्हटलं, माझ्या मुलीचंच खातं आहे, कोण बोलतंय ते बघते मी. आणि तिसऱ्या खांबाजवळ दोर उचलून सात-आठ पावलं आत गेले. वॉर्डात भेटायची वेळ संपल्यावर मंत्र्याच्या मेहुण्यालासुद्धा बाहेर काढणारी मी.

शिट्टी वाजली, वळून बघते तर तू. मांड्यांपर्यंत चिखल, डोक्याला फडकं, नाक उन्हाने सोललेलं. मला बघून तुझा चेहरा उजळला होता, ते मी पाहिलं. हसू ओठांवर येत होतं. मागे चौघी उभ्या होत्या. आणि मी म्हटलं, अहो ताई, चुकून आले हो, पाटी दिसली नाही.

तू म्हणालीस, मावशी, घाबरू नका. आलात त्याच पावलांवर पाय ठेवत सावकाश मागे या. कसला शांत आवाज होता तुझा. मी माझीच पावलं बघत बघत मागे आले, मान वर केली नाही. तू दोर पुन्हा बांधलास आणि आमच्याकडे पाठ केलीस. परतताना कोणीतरी म्हणालं, पोरगी कडक आहे पण गोड बोलते. घरी आल्यावर पायातले बूट तसेच कोपऱ्यात भिरकावले. तू पहिल्या पगारातून आणलेले, तळव्याला लाटांची नक्षी असलेले. उभं राहून राहून तुझे पाय दमलेत, आता मऊ बूट घाल, म्हणाली होतीस.

नंतरच्या दोन्ही रविवारी तुझा फोन आला. हवापाणी, माझ्या रक्तदाबाची गोळी, सगळं झालं. त्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही. तू भांडली असतीस तर मी निभावून नेलं असतं, भांडण मला येतं. तू काही बोललीच नाहीस, तेव्हा मला राहवेना. गेल्या बुधवारी एकटीच आले तुझी माफी मागायला. तू होडीने पलीकडच्या बेटावर गेली होतीस. वाट बघताना भिंतीवरचा घरट्यांचा तक्ता वाचत बसले. क्रमांक एकोणीस, जागा तिसऱ्या खांबाच्या आत, अंडी तीन, तिन्ही फुटली. कारण, भटका कुत्रा. तारीख त्या मंगळवारची.

तिथे बसलेल्या म्हाताऱ्या नावाड्याला मी विचारलं, कुत्रा आत येतो कसा? मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, येत नाही हो, दोन वर्षांत आला नाही. पण त्या भागाची राखण करणारी पोरगीच म्हणते कुत्रा होता, तर साहेब म्हणाले, मग तू कुंपण तपासत नाहीस. नोटीस दिली. पोरगी सोन्यासारखी आहे, आता कायम करतात की नाही कोण जाणे. आणि मग म्हणाला, ती पाखराची मादी दोन दिवस त्या रिकाम्या खळग्यावर येऊन बसत होती. मी तशीच उठले. तुला न भेटता घरी आले.

कोपऱ्यातले बूट उलटे केले. उजव्या तळव्याच्या लाटांमध्ये वाळू, काहीतरी पिवळट वाळलेलं, आणि त्यात नखाएवढी टरफलं. राखाडी, वर काळे ठिपके. मी आधी ते बघितलंच नव्हतं. तू मात्र वाळूतला ठसा बघितलास आणि बूट ओळखलास. हो ना?

तू नऊ वर्षांची असताना शाळा सुटली की वॉर्डात येऊन बसायचीस, आणि मी तुला तापाच्या तक्त्यावर ठिपके देऊ द्यायचे. एकदा तू थर्मामीटर न बघताच अंदाजाने ठिपका दिलास. सगळ्या वॉर्डासमोर मी तुला झापलं होतं, की खोटा ठिपका म्हणजे खोटा माणूस. रडलीस, पण त्यानंतर तू कधी खोटं लिहिलं नाहीस. माझ्या त्या मुलीने वहीत ‘कुत्रा’ लिहिलं. ज्या बाईने तिला ओळख दाखवली नाही, त्या बाईसाठी. ठमे, मला तोंड लपवायला जागा नाही.

काल थेटरवालीला फोन करून सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. ती एवढंच म्हणाली, अगं, ती तुझी मुलगी होती? मग आम्हाला भेटवलं का नाहीस?

आता पत्र लिहायचं कारण. सोमवारी अकरा वाजता मी तुझ्या साहेबांची वेळ घेतली आहे. बूट पिशवीत घातलेत, पुसले नाहीत, आणि जबाब लिहून सही केली आहे. तू अडवशील हे ठाऊक असूनही, तुला आधी कळावं म्हणून पत्र दोन दिवस अगोदर नावाड्याच्या हाती देतेय, पण अडवू नकोस. खोटी नोंद केलीस म्हणून तुलाही बोलणी बसतील, कदाचित जास्तच काही होईल. ते मला टाळता येणार नाही आणि तुलाही टाळू देणार नाही. चूक कशी दुरुस्त करायची ते तुला शिकवलंय. खाडाखोड नाही, पांढरा रंग फासायचा नाही. एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला सही. ‘कुत्रा’वर तू तशी रेघ मार. मी साहेबांकडे जाण्याआधी फाटकावरची वही मागून घेणार आहे. त्या मंगळवारचं पान उघडून शेवटच्या रकान्यातल्या ‘मैत्रीण’वर एकच रेघ मारीन, बाजूला सही करीन आणि वर लिहीन, ‘मुलगी. इथेच कामाला असते.’

तुझीच,
आई