मीठ लावलेले मासे

पाचूबंदर, वसई
नोव्हेंबर १९५४

प्रिय लॉरेन्सदादा,

हे पत्र कुठे पाठवायचे ते मला ठाऊक नाही. लखदीव बेटांभोवतीच्या माशांच्या पाहणीला गेलेले तुमचे गलबत परतलेले नाही. त्याआधी तू माझ्या नावे धाडलेला फॉर्मलिनमध्ये बुडवलेल्या माशांचा डबा काल घरी पोचला. त्यातल्या प्रत्येक माशाला तू बेटाच्या नावाची चिठ्ठी बांधतोस. शेवटी कुठे होतास, ते त्यावरून कळले असते.

मी आपल्या मत्स्यखात्याच्या कचेरीतून येईपर्यंत आयने मासे धुऊन, मीठ लावून वाळत टाकले होते. चिठ्ठ्या चुलीत गेल्या.

“शिकलीस गो, पन मासली टिकवायला नाय शिकलीस! पोराची मासली कोन पान्यात सडवतं?”

ते खायचे नाहीत, एवढेच मी तिला सांगितले. गलबताचे तिला अजून माहीत नाही.

डब्यातले बहुतेक मासे सगळ्याच बेटांभोवती सापडतात. त्यांतला काळ्या पट्ट्यांचा एक चपटा मासा मात्र आमच्या नकाशात फक्त दक्षिणेच्या बेटापाशी नोंदलेला आहे. तो उत्तरेला नसतोच, असे नाही. तिथे अजून कुणी नीट शोधलेले नाही.

आज साहेबांनी विचारले, “गलबत शोधायला एकच लाँच मिळते आहे. उत्तरेला धाडू की दक्षिणेला?”

“दक्षिणेला.”

“खात्री आहे?”

“आहे,” मी म्हणाले. नाही म्हटले असते, तर लाँच धक्क्यालाच राहिली असती.

ती निघाली आहे. दादा, उत्तरेला असू नकोस.

तुझी,
आग्नेस