तंबूला दोन भोकं

शनिवार, २३ नोव्हेंबर

आज सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी माझ्या शिकारीच्या तंबूतून गोळी आरपार गेली. मी आत होते.

थर्मासचं झाकण खाली पडलं म्हणून वाकले, म्हणून हे लिहिते आहे. वाकले नसते तर टोपी जिथे असती त्या उंचीवर डाव्या भिंतीला भोक, उजव्या भिंतीला भोक. छतावर नारिंगी फडकं बांधलेलं होतं, अर्ध्या मैलावरून दिसेल असं. मी जमिनीला गाल लावून पडून राहिले. देवमातेचा जप सुरू केला आणि मधेच शब्द विसरले! शाळेत सिस्टर अपोलोनियाने पाच वर्षं घोटून घेतलेले शब्द. दुसरी गोळी येईल म्हणून हलले नाही. ओरडलेही नाही. ओरडलं तर नेम धरायला बरं.

दुपार व्हायला आली तेव्हा रांगत बाहेर पडले. वाटेत अँब्रोजचा तंबू लागला, ओढ्याच्या वळणावर, ठरला होता तिथेच. तो आत बसला होता. भावाला बघून रडू फुटलं.

"काय गं लुसिल, लवकर निघालीस?"

सांगितलं. त्याने विचारलं, "कुठल्या बाजूने आली?"

मी म्हटलं, कुंपणाच्या बाजूने. तो म्हणाला, "मग डेल्मरच. मी तर आज एकही गोळी उडवली नाही."

डेल्मर क्लुके. कुंपणापलीकडच्या ओकच्या झाडावर त्याचं मचाण आहे. हिवाळाभर तिथे टांगलेलं असतं, गिधाडाच्या घरट्यासारखं. गेली तीस वर्षं मला ऐकवतो, जमिनीवर लपून बसणं हे बदकं मारणाऱ्यांचं काम, हरणाचा शिकारी झाडावर शोभतो. शोभा बघा आता.

रविवार, २४ नोव्हेंबर

प्रार्थनेला गेले नाही. चर्चपर्यंतच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी रान आहे.

स्वयंपाकघराचे पडदे भरदिवसा ओढून घेतलेत. बाहेर कुठे बार झाला की हातातलं खाली ठेवते. हंगाम आहे, बार होणारच, हे मला शिकवायला नको. सोळाव्या वर्षापासून शिकार करते. शाळेच्या ऑफिसात होते तेव्हाही पहिल्या दिवसाची रजा घ्यायची. भीती अशी कधी वाटली नव्हती. आपण हरणाच्या जागी आहोत असं.

डेल्मरला पत्र लिहिलं. तारीख, वेळ, दोन भोकं, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत लेखी खुलासा. अँब्रोजने वाचलं. "बरोबर आहे, पाठव," म्हणाला. सूप त्याने केलं. एरवी चहासुद्धा करत नाही.

सोमवार, २५ नोव्हेंबर

पत्र टाकायला फाटकाशी गेले तर डेल्मर स्वतःच गाडी थांबवून उतरला. हातातच दिलं. त्याने तिथेच वाचलं, टोपी मागे सरकवली.

"लुसिल, तुला मी आवडत नाही हे ठाऊक आहे. पण भोकं मोजलीस का?"

"दोन आहेत. मोजता येतं मला."

"उंची, बाई, उंची. मी वरून झाडतो. माझी गोळी असती तर दुसरं भोक चार बोटं तरी खाली असतं, आणि गोळी तुझ्यामागच्या मातीत रुतली असती. म्हणून तर माणूस झाडावर चढतो. खालून झाडलेली गोळी सपाट जाते, कुठे थांबेल सांगता येत नाही."

"झाडावरून पडतोही माणूस."

"पडतो. पण एकटाच पडतो."

पत्र खिशात घालून तो गाडीत बसला.

मागच्या वर्षी मचाणाचा पट्टा तुटून अँब्रोज खाली आला. कंबरेचं हाड मोडलं. दवाखान्यातच मी त्याच्याकडून वचन घेतलं होतं, यापुढे जमिनीवर बसायचं. निदान मला झोप लागेल, म्हटलं होतं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

भर उजेडात गेले. नारिंगी जॅकेट, नारिंगी टोपी, गळ्यात विणकामाची नारिंगी लोकर, आणि सारखं बोलत. झाडांशी, स्वतःशी, सिस्टर अपोलोनियाशी. माणूस आहे हे ऐकू यावं म्हणून.

तंबू जसाच्या तसा होता. लोकर एका भोकातून दुसऱ्या भोकात ओवली आणि ताणून धरली. दोन बिंदूंतून एकच रेघ जाते. रेघ सपाट. जराही उतरत नव्हती. डेल्मरचा ओक तिच्या पुष्कळ डावीकडे. डोळा लावून बघितलं, तर रेघ आडव्या पडलेल्या हेमलॉकच्या झाडाकडे जात होती.

तिथे कोणी बसत नाही. हंगामाच्या आदल्या रात्री आम्ही स्वयंपाकघरातल्या, रानाचा नकाशा काढलेल्या फळीवर कपड्यांचे चिमटे लावतो, माझा हिरवा, अँब्रोजचा लाल. जिथे चिमटा, तिथे माणूस. वडिलांपासूनचा नियम. मचाण हलत नाही, म्हणून अँब्रोज वर बसायचा तेव्हा हा नियम पाळणं सोपं होतं. तंबू काय, बगलेत मारून कुठेही नेता येतो.

हेमलॉकमागे गवत चौकोनी दबलेलं होतं. चार कोपऱ्यांना चार खुंट्यांची भोकं. अँब्रोज चघळतो त्या पेपरमिंटच्या गोळ्यांचे कागद.

लाल चिमटा अजून ओढ्याच्या वळणावरच आहे. आत्ताच बघून आले.

संध्याकाळी

वारा फिरला की माणसाचा वास हरणाला लागतो, म्हणून शिकारी जागा बदलतो. जेवताना सहज म्हटलं, "शनिवारी वारा फिरला होता ना रे पहाटे?"

"फिरला होता," म्हणाला. मग म्हणाला, "मला काय ठाऊक." आणि पाव मोडत राहिला.

त्याच्या खोलीत त्याची रायफल आहे. माझं दार आज आतून लावलं आहे. एकाहत्तर वर्षांत पहिल्यांदा, भावापासून.

बुधवार, २७ नोव्हेंबर

डेल्मरकडे जाऊन पत्र परत मागितलं. त्याने काही विचारलं नाही. त्याचं नाव खोडून वर अँब्रोजचं लिहिलं, खाली पुढचं जोडलं आणि लाल चिमट्याने फळीवर लावून ठेवलं.

उद्या दुपारी सणाची टर्की कापायच्या आधी मला लेखी उत्तर हवं. तू वाऱ्यासाठी तंबू हलवलास, हे समजलं. हरणावर झाडलीस, हेही समजलं. मी घरी निघाले तेव्हा तुझा तंबू परत वळणावर होता. तो हेमलॉकमागून उचलून नेलास, तेव्हा मी जिवंत आहे हे तुला ठाऊक होतं का?