मूठभर धान्याचा कारभारी

२८ नोव्हेंबर १९६५, रविवार. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार.
पाळकसाहेबांचा उपदेश: आपण मालक नव्हे, देवाचे कारभारी. सर्व वेळ माझ्याकडेच पाहत होते. तालुका कचेरीत तेवीस वर्षे काढलेला हेडक्लार्क कराडच्या ख्रिस्ती मंडळीत दुसरा कोण आहे?
उपासनेनंतर मीटिंग. प्रत्येक घराने स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचे, रविवारी देवळात (चर्चमध्ये) आणायचे. ते देऊळ झाडणाऱ्या हरणाबाईला आणि गरजू घरांना. या योजनेचा कारभारी मी. आजवर धान्य तिथल्या तिथे हरणाबाईच्या पदरात ओतत. शिस्त नाही, नोंद नाही.
सर्व बदलणार.

४ डिसेंबर
पत्र्याची कोठी करून घेतली. वर टपालपेटीसारखी फट. धान्य आत जाते, बाहेर येत नाही. खाली दार, दाराला कुलूप. किल्ली एकच, माझ्या जानव्यासारखी गळ्यात. (सौ. म्हणाली, आपण ख्रिस्ती आहोत. उपमा दिली होती.)
नियम: वाटप फक्त सणाला, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते.

५ डिसेंबर, रविवार
ज्वारी, बाजरी, ओलसर तांदूळ, रेशनची लाल मिलो ज्वारी, सगळे एकाच फटीतून. वर्गवारी पुढे बघू.
हरणाबाई पदर पसरून उभी. मूळची शिराळ्याकडची, विधवा, साठीच्या पुढे. तिला समजावले की धान्य आता नाताळला. आगमनकाळाचा अर्थच मुळी वाट पाहणे.
ती म्हणाली, "वाट बगायची सवय हाय मला, सायेब. पोटाला न्हाई."
बाईला धर्मशिक्षण कमी.

२५ डिसेंबर. नाताळ.
वाटप तहकूब, आता ईस्टरला. सांगलीचे पाहुणे सर्दीमुळे आले नाहीत. पाहुण्यांशिवाय कार्यक्रमाला वजन नाही, शिवाय माझे भाषण चार पानांचे. पाळकसाहेब म्हणाले, कुलूप उघडून देऊन टाकू. त्यांना पद्धत समजावली. ते गप्प झाले, म्हणजे पटले.
घरी मटण उत्तम. रात्री सोडा घेतला.

२३ फेब्रुवारी १९६६. राखेचा बुधवार.
लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ, सुरू. संकल्प: चाळीस दिवस चहा बंद. शुक्रवारी उपास.
सायंकाळी ५. कॉफी हा चहा नव्हे.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार
उपास. कचेरीत केळी चार, शेंगदाणे, साबुदाण्याची खिचडी (डबा दोन पुडी). शेजारच्या टेबलावरचा तवनाप्पा जैन आहे. त्याचाही आज उपास. कालपासून फक्त उकळलेले पाणी. तुमच्यात उपास कसा असतो, असे त्याने विचारले. आमचा मनाचा असतो, असे सांगितले. तो खिचडीकडे बघत हं म्हणाला.

१३ मार्च, रविवार
धक्कादायक शोध. आमच्या घरची मूठ गेले तीन महिने कोठीत पडलेलीच नाही. सौ. रोज परसदारी हरणाबाईला भाकरी घालते. निम्म्या घरांतून हेच. पाळकसाहेबांच्या घरूनसुद्धा.
सौ.ला विचारले, हे मला का सांगितले नाही. म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही नियम केला असता."
"अनधिकृत परोपकाराबाबत" असे परिपत्रक काढले. देवळाच्या दारावर लावले. संध्याकाळच्या आत त्यात कुणीतरी पेरू बांधून नेले.

१० एप्रिल. ईस्टर.
पाहुणे आले. पांढराशुभ्र कोट. मंडळी उभी. माझी प्रस्तावना झाली, किल्ली फिरवली, दार उघडले.
आतून धान्याला लागणारी बारीक पाखरे उडाली. मग किडे. धान्याला जाळी लागून गोळे झालेले, खाली पीठ. वास. पाहुण्यांच्या कोटावर किडेच किडे. कुणी हसले नाही. हसले असते तर बरे होते.
हरणाबाई पुढे आली. सूप मागितले, जमिनीवर बसली आणि पाखडू लागली. मग सौ. बसली. मग बाकीच्या बाया. पाळकसाहेब बाह्या सारून चाळायला लागले. पाहुण्यांनी कोट काढला आणि दुसरी चाळण धरली.
मी भाषणाचे दुसरे पान सुरू केले. धुळीने खोकला आला. थांबलो.
निम्मे वाचले. बाकी कोंबड्यांना.
दोष सुताराचा. फट नको तेवढी मोठी ठेवली. (कोठी लोहाराने केली होती. तरी.)

१७ एप्रिल, रविवार
मीटिंग. नवा कारभारी निवडायचा होता. पाळकसाहेबांनी नाव घेतले तेव्हा मी पाहुण्यांना माफीपत्र लिहीत होतो. सगळे हात वर गेले, माझाही गेला. माझेच नाव असणार असे वाटले. हरणाबाईचे होते. एकमताने.
तिने किल्ली मागितली नाही. कोठीचे दारच काढून ठेवा म्हणाली.
मी मार्गदर्शक म्हणून राहण्याची तयारी दाखवली. पुढचा विषय घेण्यात आला.

१९ एप्रिल, मंगळवार
सौ. सकाळच्या गाडीने मिरजेला, बहिणीच्या बाळंतपणासाठी. आठ दिवस. स्वयंपाक हा केवळ नियोजनाचा प्रश्न आहे.
दुपारी १. भात करपला. पातेले भिजत घातले.
सायंकाळी ७. पोहे. ते भिजवायचे असतात, हे ठाऊक नव्हते.
७।।. कारभारीपणावर लेख लिहावा म्हणून बसलो. मथळा झाला. तेवढ्यात परसदारी कडी वाजली. हरणाबाई. फडक्यात दोन भाकरी, वर पिठले. ज्या घरी अडचण आहे त्या घरी आज फिरतेय म्हणाली. मी म्हणालो, आमच्याकडे अडचण अशी काही नाही. तिने करपलेल्या पातेल्याकडे पाहिले.
"जेवून घ्या, सायेब. निवंल."
ती गेल्यावर उंबऱ्यातच बसलो. भाकरी गरम होती. दोन्ही खाल्ल्या.